मोटारीचें सुकाणूं

मोटार वळत असतांना तिचीं पुढचीं दोन चाकें एकमेकांना समांतर राहत नाहींत. वळणाच्या आंतल्या बाजूचें चाक बाहेरच्या चाकापेक्षां अधिक वळलेलें असतें. रोज मोटारींतून हिंडणाऱ्यांपैकीं फार थोड्यांची दृष्टि या गोष्टीकडे गेलेली असेल, आणि ज्यांची गेली असेल त्यांनाही हा यंत्राचा ढिलेपणा आहे असें वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो ढिलेपणा नसून हेतुपूर्वक केलेली योजना आहे, व ती सिद्ध होण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. त्या शंभर वर्षांत एक वैद्य, एक राजदरबारचा गाडीकार, एक चित्रविक्या आणि एक घंटा ओतणारा कारागीर यांचे हात तिला लागलेले आहेत. इंग्रजी ग्रंथांत या योजनेला ज्या गृहस्थाचें नांव मिळालें आहे त्यानें ती शोधून काढली नव्हती, आणि आपण ती शोधली असा दावाही त्यानें केला नव्हता. ज्याला आपण सर्रास स्टिअरिंग म्हणतों त्या सुकाणूचा इतिहास म्हणूनच केवळ यंत्रज्ञांनीं वाचावा असा नाहीं. श्रेय कोणाला व कसें मिळतें, हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांच्याही तो उपयोगाचा आहे.

बैलगाडीला हा प्रश्न कधीं पडला नाहीं. तिचीं दोन चाकें एकाच आंसावर, पण एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात. बैल वळले कीं जूं वळतें, जूं वळलें कीं पाठोपाठ सारी गाडी वळते, आणि आंतलें चाक जवळ जवळ जागच्याजागीं राहून बाहेरच्या चाकाला फेरा घेऊं देतें. चार चाकांच्या गाडीची गोष्ट निराळी. चारही चाकें दोन ताठ आंसांवर घट्ट बसविलीं तर गाडी सरळ जाईल, पण वळणार नाहीं. बळानें वळविलीच तर चाकें फरफटत जातील. दक्षिणेंतील देवळांचे प्रचंड रथ उत्सवाच्या दिवशीं वळवितांना चाकांखालीं लांकडी पाचरी ठोकाव्या लागतात, त्या याच कारणानें.

यावर युरोपांतील सुतार-लोहारांनीं फार पूर्वीं काढलेला तोडगा असा कीं, पुढचा संबंध आंस मध्यभागीं एका उभ्या खिळ्यावर बसवावा, म्हणजे घोडे वळतील तिकडे तो आपल्या दोन्ही चाकांसह वळेल. मुंबईच्या रस्त्यांवरून ज्या व्हिक्टोरिया गाड्या विसाव्या शतकांत धांवत असत, त्यांची रचना हीच होती. त्यांचीं पुढचीं चाकें मागच्या चाकांहून लहान कां, याचें उत्तरही येथेंच आहे. आंस वळला कीं एका बाजूचें चाक गाडीच्या पोटाखालीं शिरूं पाहतें, व मोठ्या चाकाला तेथें जागा नसते. दुसरा दोष याहून गंभीर. आंस जसजसा अधिक वळतो तसतसा गाडीचा पुढचा आधार अरुंद होत जातो. तो काटकोनाच्या जवळ गेला म्हणजे चार पायांच्या गाडीची जवळ जवळ तिपाई होते, आणि वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलूं पाहत असते ती नेमकी याच वेळीं. अठराव्या शतकांतील प्रवासवर्णनांत गाड्या उलटण्याचे प्रसंग इतके वारंवार कां येतात याचें सारें खापर रस्त्यांवर फोडण्याची पद्धत आहे. थोडा वांटा या मध्यावरच्या खिळ्यालाही दिला पाहिजे.

मग खरें वळण कसें असावें? येथें थोड्या भूमितीला शरण जाणें प्राप्त आहे. वाचकांनीं कंटाळूं नये. वर्तुळाकार मार्गानें जाणाऱ्या गाडीचें प्रत्येक चाक आपापल्या वर्तुळावर चालत असतें, आणि चाकानें न घसरतां नुसतें लोळावें अशी इच्छा असेल तर त्याच्या आंसाची रेषा त्या वर्तुळाच्या केंद्रांतून गेली पाहिजे. सर्व चाकांचें केंद्र अर्थात् एकच. मागचीं चाकें वळत नाहींत, तेव्हां तें केंद्र मागच्या आंसाची रेषा वाढविली असतां तिच्यावरच कोठें तरी पडणार. आतां पुढच्या दोन्ही चाकांच्या आंसरेषा त्याच बिंदूवर मिळाव्यात असें म्हटलें, कीं दोन्ही चाकें सारखीं वळून चालणार नाहीं हें उघड होतें. आंतलें चाक केंद्राच्या जवळचें, त्याला अधिक वळावें लागतें. बाहेरचें दूरचें, त्याला कमी. एक उदाहरण घेऊं. पुढच्या व मागच्या आंसांमध्यें २·४ मीटर अंतर आहे, आणि पुढचीं दोन चाकें ज्या खिळ्यांवर वळतात त्यांच्यामध्यें १·२ मीटर. आंतलें चाक ३० अंश वळलें तर बाहेरचें सुमारें २४ अंशच वळलें पाहिजे. सहा अंशांचा हा फरक डोळ्यांना दिसेल न दिसेल. पण तो न ठेवला तर चाक रस्त्याला घांसत जातें, धांव झिजते, आणि गाडी वळण्यास कुरकुरते.

हें करावयाचें तर एक संबंध आंस वळवून भागत नाहीं. आंसाचा मधला भाग स्थिर ठेवून त्याच्या दोन टोकांशीं दोन आंखूड आंस वेगळ्या खिळ्यांवर बसविले पाहिजेत, व प्रत्येक चाक आपल्या खिळ्याभोंवतीं स्वतंत्र वळून ते दोघे कशानें तरी एकमेकांशीं जोडलेले असले पाहिजेत. ही कल्पना प्रथम ज्याला सुचल्याचें दिसतें तो इरॅस्मस डार्विन (१७३१–१८०२), उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विनचा आजा. हा इंग्लंडांत लिचफील्ड येथें वैद्यकी करी, आणि कवि म्हणूनही त्याचा त्या काळीं मोठा लौकिक होता. गांवोगांवच्या रोग्यांना भेटण्यासाठीं त्याचें अर्धें आयुष्य गाडींत जात असे, व गाडी सुधारण्याचा छंद त्याला लागला तो या गरजेंतून. १७५८ च्या सुमारास त्यानें पुढचीं चाकें वेगवेगळ्या खिळ्यांवर वळविण्याची योजना मांडली. यंत्रांचे शोध स्वतःच्या नांवावर नोंदविले तर वैद्य म्हणून आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल असें वाटून त्यानें पेटंट घेतलें नाहीं. १७६८ सालीं स्वतःच योजलेल्या एका गाडींतून पडून त्याची गुडघ्याची वाटी फुटली व तो पुढें जन्मभर लंगडला. त्यामुळें शेजाऱ्यांचा त्याच्या गाड्यांवर कितपत विश्वास राहिला असेल याची कल्पना करतां येते. त्याची ही योजना पुढें विस्मृतींत गेली; एकविसाव्या शतकाच्या आरंभीं संशोधकांनीं ती पुन्हां नीट उजेडांत आणली.

पुढचा पुरुष म्युनिक येथील गेओर्ग लांकेन्सपेर्गर. तो बव्हेरियाच्या राजदरबारचा गाडीकार होता. डार्विनची त्याला गंधवार्ताही असण्याचें कारण नव्हतें. १८१६ सालीं त्यानें तीच कल्पना पुन्हां शोधून काढली, व मुख्य म्हणजे ती लोखंडांत व लांकडांत उतरवून दाखविली. इंग्लंडांत तिचें पेटंट घ्यावयाचें तर तेथें कोणी तरी प्रतिनिधि पाहिजे. तो त्याला रुडॉल्फ ॲकरमन याच्या रूपानें मिळाला.

ॲकरमनविषयीं या मासिकाच्या वाचकांना चार शब्द अधिक सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं, कारण यंत्रविद्येच्या पुस्तकांत ज्याचें नांव सांपडतें तो मुळांत आपल्याच बिरादरीचा माणूस, म्हणजे मासिकाचा प्रकाशक होता. त्याचा जन्म १७६४ सालीं सॅक्सनींत झाला. खोगीर व गाड्या करण्याच्या धंद्यांत तो शिकला, गाड्यांचे नकाशे काढण्यांत त्यानें नांव मिळविलें, आणि लंडनांत येऊन १७९५ सालीं स्ट्रँड रस्त्यावर चित्रांचें दुकान घातलें. नेल्सनची अंत्ययात्रा ज्या रथावरून निघाली त्या रथाच्या रचनेंत त्याचा हात होता. १८०९ पासून त्यानें कला, वाङ्मय व वेषभूषा यांना वाहिलेलें एक सचित्र मासिक चालविलें, तें जवळ जवळ वीस वर्षें टिकलें. मासिक चालविणें म्हणजे काय हें ज्यांना ठाऊक आहे ते या वीस वर्षांचें मोल जाणतील. इंग्रजींत नाताळच्या सुमारास निघणाऱ्या वाङ्मयीन वार्षिकांची प्रथा पाडली तीही त्यानेंच. आणखी एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. म्युनिकच्याच झेनेफेल्डरनें शोधलेली शिळाछापाची विद्या इंग्लंडांत रुजविण्यासाठीं त्यानें दगडी छापखाना घातला, व झेनेफेल्डरचा ग्रंथ १८१९ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केला. मराठींतील जुनीं शिळाछाप पुस्तकें व पंचांगें ज्यांनीं हाताळलीं असतील त्यांनाही म्हणून हें नांव अगदींच परकें मानण्याचें कारण नाहीं. म्युनिकहून निघालेल्या दोन विद्या एकाच वेळीं एकाच दुकानांतून लंडनच्या बाजारांत आल्या; एका विद्येला या माणसाचें नांव चिकटलें, दुसरीला चिकटलें नाहीं.

१८१८ सालीं ॲकरमननें लांकेन्सपेर्गरच्या वतीनें इंग्लंडांत पेटंट घेतलें, व दुसऱ्या वर्षीं त्या ‘चल आंसां’ची माहिती देणारी एक पुस्तिकाही काढली. त्यानें आपल्या मित्राचें नांव लपविलें नाहीं. पण पेटंटाच्या दफ्तरांत ज्याचें नांव तोच पुढें ग्रंथकारांच्या लेखणीला सांपडतो. आज इंग्रजी शिकलेला कोणताही यंत्रशास्त्राचा विद्यार्थी ‘ॲकरमनची योजना’ म्हणेल. लांकेन्सपेर्गर म्हणणारा विरळा. याला अन्याय म्हणावें तर अन्याय करणारा कोणी सांपडत नाहीं.

लंडनच्या गाडीकारांनीं या नव्या आंसाचें स्वागत केलें नाहीं. त्यांचा विरोध निव्वळ अडाणीपणाचा होता असें म्हणण्याकडे चरित्रकारांचा कल असतो. मला तें पटत नाहीं. जुन्या गाडींत एक खिळा होता, नव्या गाडींत दोन खिळे, दोन बाहु व त्यांना जोडणारा दांडा आला. सांधे वाढले कीं झीज वाढते, आणि त्या काळचें लोखंड व त्या काळचे रस्ते लक्षांत घेतां ही शंका रास्त होती. दुसरें, घोडागाडींत वळविण्याचें काम घोडे करतात. आंसाला धक्का बसला तर तो घोड्याच्या दांडीला जाणवतो, गाडीवानाच्या मनगटाला नाहीं. जी अडचण गाडीवानाला भोंवत नव्हती तिच्यावरचा उपाय त्यानें पैसे देऊन कां घ्यावा? योजना बरोबर होती, पण तिची वेळ आलेली नव्हती. ती वेळ यावयाला घोडा नाहींसा व्हावा लागला.

घोडा गेला कीं काय होतें तें पाहा. मध्यावरच्या खिळ्यापासून चाक सुमारें साठ-सत्तर सेंटिमीटर दूर असतें. एका चाकाखालीं धोंडा आला तर त्याचा दणका तेवढ्या लांबीच्या तरफेनें सबंध आंस फिरवूं पाहतो, आणि त्याला तोंड देण्यास आतां फक्त माणसाचे दोन हात असतात. उलट प्रत्येक चाकाला त्याच्या अगदीं जवळ स्वतःचा खिळा दिला तर ही तरफ पांच-दहा सेंटिमीटरवर येते. तोच धोंडा, तोच दणका, पण हाताला बसणारा हिसका सातव्या-आठव्या हिश्श्यावर उतरला. वळणाच्या भूमितीची मातब्बरी पुस्तकांत फार सांगतात. माझ्या मतें नव्या आंसाला जय मिळाला तो भूमितीमुळें तितका नव्हे, जितका या आंखूड झालेल्या तरफेमुळें.

वाफेच्या गाड्या करणाऱ्या पहिल्या लोकांनीं प्रश्नाला बगल देऊन पुढें एकच चाक ठेवलें. फ्रान्सांत क्युन्यो यानें १७६९ ते १७७१ च्या दरम्यान तोफा ओढण्यासाठीं केलेली गाडी अशीच तीन चाकांची होती. पण त्यानें बाष्पपात्र व इंजीन ही सारी वजनें त्या एकाच पुढच्या चाकावर लादलीं. त्यामुळें तें वळविणें किती कष्टाचें असेल तें पॅरिसच्या संग्रहालयांत आजही ती गाडी पाहणाऱ्याला कळतें. ती भिंतीवर जाऊन आदळली ही कथा प्रसिद्ध आहे, मात्र तिचा लेखी उल्लेख घटनेनंतर पुष्कळ वर्षांनीं येतो.

खरें पाऊल पडलें तें ल मां या फ्रेंच गांवीं. आमेदे बोले हा पिढीजात घंटा ओतण्याचा धंदा करणारा माणूस. त्यानें १८७३ सालीं बारा माणसांना बसतां येईल अशी वाफेची गाडी केली व तिचें नांव ‘आज्ञाधारक’ या अर्थाचें ठेवलें. हें नांव वाफेच्या शक्तीवरून नव्हे, तर गाडी हाताच्या इशाऱ्यासरशी वळते यावरून पडलें. तिचें प्रत्येक पुढचें चाक स्वतःच्या उभ्या खिळ्यावर वळे, आणि सांखळ्या व लंबवर्तुळाकृति चकत्या यांच्या योगानें आंतलें चाक जास्त, बाहेरचें कमी अशी सोय त्यानें केली होती. १८७५ च्या ऑक्टोबरांत ही गाडी ल मांहून पॅरिसला अठरा तासांत गेली. वाटेंत पोलिसांनीं कायदेभंगाबद्दल पाऊणशें नोटिसा बजावल्या, व पुढें त्या रद्दही केल्या. घोड्यावांचून धांवणाऱ्या गाडीला कोणता कायदा लागू करावा हेंच सरकारला कळेना.

चकत्या व सांखळ्या यांची ही खटपट सोपी करून देणारा मनुष्य म्हणजे पॅरिसचा गाडीकार शार्ल झांतो. त्याची युक्ति १८७८ ची. चाकांच्या खिळ्यांपासून दोन आंखूड बाहु मागें काढून त्यांचीं टोकें एका आडव्या दांड्यानें जोडावयाचीं. बाहु सरळ समांतर ठेवले तर चाकें सारखींच वळतील. ते किंचित् आंत कललेले ठेवावे, इतके कीं त्यांच्या रेषा मागें वाढविल्या असतां मागच्या आंसाच्या मध्यबिंदूवर मिळाव्यात. मग चौकोन समलंब होतो, आणि वळतांना एका बाहूपेक्षां दुसरा आपोआप अधिक कोनांतून फिरतो. चकती नको, सांखळी नको. चार सांध्यांत सारें काम. हें उत्तर तंतोतंत बरोबर नाहीं, कांहीं कोनांना थोडा फरक राहतोच. पण तो इतका अल्प कीं व्यवहाराला तें पुरून उरलें. फ्रेंच पुस्तकांत या आकृतीला झांतोचेंच नांव आहे. म्हणजे एकच विद्यार्थी इंग्लिश खाडी ओलांडून गेला तर त्याच्या वहींतील आकृतीचा जनक बदलतो.

मोटारीचा जनक म्हणून ज्याला मान मिळाला त्या कार्ल बेंझनें १८८६ सालीं पेटंट घेतलेली गाडी तीन चाकांची होती, आणि तिच्यांत तीन चाकें असण्याचें कारण हाच आपला प्रश्न. चार चाकांची गाडी समाधानकारक वळवावयाची कशी हें त्याला त्या वेळीं उमजलें नव्हतें. तीन चाकांत एक मोठी गैरसोय असते. कच्च्या रस्त्यावर इतर गाड्यांच्या चाकांनीं दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात. मागचीं दोन चाकें त्यांतून सुखानें चालतात, पण मधलें चाक नेमकें उंचवट्यावरून, दगडगोट्यांतून जातें. १८८८ च्या ऑगस्टांत बेंझची पत्नी बेर्टा आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला याच जातीच्या गाडींतून गेली, तेव्हां सारा रस्ता हें मधलें चाक तिच्या हाताला जाणवलें असलें पाहिजे. त्याच सुमारास डाइम्लरनें घोडागाडींतच इंजीन बसवून जुना मध्यावरचा खिळा तसाच ठेवला होता. १८८९ च्या गाडींत मात्र त्यानें सायकलीसारखे दोन कांटे शेजारीं शेजारीं जोडून चाकें वेगळीं वळविलीं. बेंझला आपलें उत्तर १८९३ सालीं मिळालें. त्यानें त्याचें जर्मन पेटंट घेतलें, आणि चार चाकांच्या नव्या गाडीला ‘व्हिक्टोरिया’ नांव दिलें. तें सुकाणूच्या प्रश्नावर मिळविलेल्या विजयाचें म्हणून, असें म्हणतात. लांकेन्सपेर्गरला जाऊन तेव्हां जवळ जवळ अर्धें शतक लोटलें होतें. आमच्या मुंबईच्या व्हिक्टोरियाशीं या गाडीचें नामसाम्य आहे. सुकाणूचें साम्य मात्र नाहीं, तें वर सांगितलेंच आहे.

आतांपर्यंत चाकांचें झालें. चालकाच्या हातांत काय असावें हा प्रश्न निराळा, व तो जिवाशीं गांठ घालणारा ठरला. आरंभीच्या मोटारींना होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. वेग तासाला दहा-पंधरा किलोमीटर होता तोंवर तो ठीक होता. एमील लव्हासोर या फ्रेंच कारखानदारानें १८९५ सालीं पॅरिस–बोर्दो–पॅरिस ही सुमारें ११७८ किलोमीटरांची शर्यत ४८ तास ४८ मिनिटांत, जवळ जवळ सर्व वेळ स्वतः दांडा धरून, पुरी केली. दुसऱ्या वर्षीं पॅरिस–मार्सेय शर्यतींत रस्त्यांत एक कुत्रा आडवा आला. दांड्याला सवड अशी नसतेच; हात थोडा हलला कीं चाकें एकदम वळतात, आणि चाकांना बसलेला धक्का तितक्याच सरळपणें हाताला येतो. गाडी उलटली, लव्हासोर बाहेर फेंकला गेला. त्यांतून तो पुरता सांवरला नाहीं; १८९७ च्या एप्रिलांत त्याचा अंत झाला.

त्याच्या पानार-लव्हासोर कारखान्याचा कारभार पुढें आर्त्यूर क्रेब्स या इंजिनिअराकडे आला. गोल चाकानें गाडी वळविण्याचा प्रयोग यापूर्वीं झालेला होता. १८९४ च्या पॅरिस–रुआं शर्यतींत वाशरों नांवाच्या स्पर्धकाच्या गाडीला तसें चाक होतें. पण क्रेब्सनें १८९८ च्या पॅरिस–ॲम्स्टरडॅम शर्यतीसाठीं बनविलेल्या गाडीला तिरप्या दांड्यावरचें चाक बसविलें, आणि तेव्हांपासून दांडा मागें पडत गेला. अमेरिकेंत ओल्ड्समोबाईलच्या प्रसिद्ध छोट्या गाडीला विसाव्या शतकाच्या आरंभींही दांडाच होता. पण तो जुन्या काळचा अवशेष.

चाकाचा गुण केवळ दोन हातांनीं धरतां येतें एवढाच नाहीं. दांडा जेमतेम अर्धा फेरा फिरतो. चाक तीन-चार फेरे फिरूं शकतें. मग चाक व रस्ता यांच्यामध्यें मळसूत्र घालतां येतें. हाताचें चाक पंधरा-वीस अंश फिरलें तर रस्त्यावरचें एक अंश वळावें, असें प्रमाण ठेवलें कीं हाताचें बळही तितक्या पटीनें वाढतें. मळसूत्राचा दुसरा गुण असा कीं तें उलट दिशेनें सहजासहजीं फिरत नाहीं: हात चाकाला वळवूं शकतो, पण धोंडा हाताला हिसका देऊं शकत नाहीं. जुन्या यंत्रकारांना हें फार मानवलें. मात्र त्यांत मळसूत्राचें घर्षण फार, आणि रस्ता कसा आहे याची हाताला मुळींच वार्ता नाहीं. पुढें मळसूत्र व त्यावरची चौकट यांच्यामध्यें फिरत्या पोलादी गोळ्या घालून घर्षण कमी करण्यांत आलें. १९४० च्या कॅडिलॅक गाड्यांत ही रचना होती. दुसरा पक्ष दांतेरी पट्टीचा. चाकाच्या दांड्याच्या टोकाला एक लहान दांतेरी चक्र, व तें उजवी-डावीकडे सरकविणारी एक पट्टी. पट्टीचीं टोकें सरळ चाकांच्या बाहूंना. सित्रोएननें १९३६ सालीं, व मॉरिस मायनरनें १९४८ सालीं ही घेतली, आणि हिंदुस्थानांत २०१४ पर्यंत निघत असलेल्या अँबॅसडर गाडींतही तीच होती. आज लहान गाड्यांत दुसरी रीति क्वचितच आढळते.

वळण संपल्यावर सुकाणूं आपोआप सरळ होतें, याचें श्रेय पुष्कळजण चालकाच्या हाताला देतात. वास्तविक तें खिळ्याच्या तिरपेपणाचें आहे. खिळ्याची रेषा किंचित् मागें कलवून ती जमिनीला चाकाच्या टेंकण्याच्या जागेच्या थोडी पुढें मिळेल असें केलें, म्हणजे चाक खिळ्याच्या मागून ओढलें जातें व आपोआप सरळ राहूं पाहतें. दवाखान्यांतील ढकलगाडीचीं लहान चाकें ढकलतांच आपण होऊन दिशेला लागतात तशी ही गोष्ट आहे. याही बाबतींत क्रेब्सचें १८९६ चें पेटंट उल्लेखिलें पाहिजे.

रबरी धांवांनीं या शास्त्रांत एक विलक्षण घोटाळा केला. वेगानें वळतांना रबर बाजूला दबतें, आणि चाक ज्या दिशेला रोखलेलें असतें त्या दिशेला नेमकें न जातां थोडें बाहेर सरकत जातें. म्हणजे लांकेन्सपेर्गरपासून झांतोपर्यंत साऱ्यांनीं ज्या केंद्रबिंदूसाठीं कष्ट केले, तो बिंदु वेगवान् गाडीच्या बाबतींत मागच्या आंसाच्या रेषेवर राहतच नाहीं. म्हणून पुढील गाडीकारांनीं समलंब चौकोन पुरता न पाळतां वेगाच्या मानानें त्याला मुरड घातली. गल्लींत वळणारी गाडी मात्र अजून झांतोचेंच ऐकते.

गाड्या जड झाल्या, धांवा रुंद झाल्या, तसतसें उभी गाडी वळविणें पहिलवानाचें काम होऊन बसलें. न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलो शहरीं पीअर्स-ॲरो कारखान्याच्या मालमोटारींच्या खात्यांत मुख्य इंजिनिअर असलेल्या फ्रान्सिस डेव्हिसनें ही व्यथा जवळून पाहिली होती. १९२२ सालीं त्यानें नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समध्यें वॉल्थॅम येथें लहानसा कारखाना भाड्यानें घेतला, आणि तेलाच्या दाबानें सुकाणूला हातभार लावण्याच्या मागें लागला. अडचण दाब उत्पन्न करण्याची नव्हती. दाबाला हाताच्या आज्ञेंत ठेवण्याची होती. त्याची युक्ति अशी: तेल सदोदित मोकळें वाहत ठेवावयाचें, चालकानें चाक फिरविलें व रस्त्यानें विरोध केला कीं मळसूत्राचा दांडा केंसभर सरकतो, तेवढ्यानें झडप हलून तेलाची एक वाट आवळली जाते, आणि दाब त्या बाजूच्या दट्ट्यावर पडतो. विरोध संपला कीं झडप पुन्हां मध्यावर. यंत्र स्वतः होऊन कांहीं करीत नाहीं. हात मागेल तितकेंच देतें.

१९२६ सालीं त्यानें ही सोय बसविलेली गाडी डेट्रॉइटला नेऊन दाखविली, व जनरल मोटर्सनें करारही केला. पण मंदीचीं वर्षें आलीं. खर्चाचा हिशेब जमेना, आणि १९३४ सालीं करार संपला. १९३६ सालीं बेंडिक्स कंपनीशीं नवा करार झाला. दुसऱ्या महायुद्धांत चिलखती गाड्यांना ही सोय बसूं लागली, कारण तेवढें वजन माणसाच्या बाहूंनीं वळविणें शक्यच नव्हतें. सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळणारी पहिली अशी मोटार १९५१ ची क्राइस्लर इंपीरियल. त्या वेळपर्यंत डेव्हिसच्या मूळ पेटंटांची मुदत भरलेली होती, आणि क्राइस्लरनें तींच कल्पनेला घेतलीं. म्हणजे शोध बाजारांत येण्यास पंचवीस वर्षें लागलीं, तीं शोधकाच्या हक्कांच्या आयुष्यांतून वजा झालीं. लांकेन्सपेर्गरचें नांव गेलें, याचे पैसे गेले. पण डेव्हिसचें नांव निदान त्याच्या शोधाला लागून राहिलें आहे, आणि क्राइस्लरची गाडी निघाल्यावर जनरल मोटर्सनेंही त्याच्याकडेच पुन्हां धांव घेतली.

सुकाणूच्या इतिहासांत एक काळें पान आहे, तें वगळून जाणें बरें नाहीं. क्रेब्सच्या काळापासून चाकाचा दांडा एक सरळ पोलादी भाला होता. त्याचें एक टोक गाडीच्या नाकाकडे, दुसरें चालकाच्या छातीसमोर. समोरून टक्कर झाली कीं गाडीचें नाक मागें दबे, आणि हा भाला चालकाच्या बरगड्यांत शिरे. साठ वर्षें गाड्या करणाऱ्यांनीं या चाकाला चकचकीत कडीं, हस्तिदंती रंग, शिंगाच्या बटनांभोंवतीं नक्षी अशा शोभा दिल्या. दांडा तसाच राहिला. डाइम्लर-बेंझच्या बेला बारेनी या इंजिनिअरानें टक्करींत दुमडणाऱ्या दांड्याचें पेटंट १९६३ सालीं घेतलें. अमेरिकेंत १९६५ सालीं राल्फ नेडरच्या ग्रंथानें मोटारींच्या धोकादायक रचनेवर हल्ला चढविला, त्यांत सुकाणूच्या दांड्यालाही जागा होती. १९६७ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत जाळीदार नळीचा दांडा आला. छातीचा भार पडला कीं तो कागदी कंदिलासारखा मिटतो. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेंत नव्या मोटारींना असा दांडा कायद्यानेंच आवश्यक ठरला. तो करण्याचें ज्ञान १९३० सालीं नव्हतें असें कोणी म्हणूं नये. जाळी तेव्हांही विणतां येत होती.

त्यानंतरची हकीकत थोडक्यांत आहे. तेलाची जागा विजेनें घेतली: १९८८ च्या सुझुकी सर्व्हो या छोट्या जपानी गाडींत सुकाणूच्या मदतीला विद्युत्-मोटार आली, आणि आज बहुतेक नव्या गाड्यांत तीच आहे, सरळ रस्त्यावर तिला शक्ति लागत नाहीं, म्हणून पेट्रोलही वांचतें. निसाननें २०१३ सालीं इन्फिनिटी गाडींत हाताचें चाक व रस्त्यावरचीं चाकें यांच्यामधील दांडा नेहमींच्या कामांतून काढून टाकला, आणि केवळ विजेची यंत्रणा बिघडली तर जोडला जावा म्हणून राखून ठेवला. टेस्लाच्या २०२३ च्या सायबरट्रकमध्यें तो राखीव दांडाही नाहीं. हात फिरतो, त्याची खबर तारांतून जाते, आणि चाकें दुसऱ्याच यंत्रांच्या जोरावर वळतात. अशा गाडींत रस्त्याचा हिसका चालकापर्यंत पोंचण्याला मार्गच उरत नाहीं. म्हणून हाताच्या चाकामागें आणखी एक विद्युत्-मोटार बसवावी लागते. तिचें काम गाडी वळविण्याचें नाहीं. रस्ता हाताला लागतो आहे असा भास चालकाच्या मनगटांत उत्पन्न करण्याचें आहे.